भ्रंशरेषेवरचं मैदान : बर्कलीच्या वाटेवर पाच दिवस

दिवस पहिला, बुधवार : फ्रीमाँट

माझ्या खिशात पाच मीटरची टेप असते. नोकरी सुटून काही वर्षं झाली, टेप सुटली नाही. लेकीकडे अमेरिकेला निघताना हिनं बॅगेतून ती दोनदा बाहेर काढली आणि मी दोनदा परत ठेवली. "अहो, तिकडे कुठली धरणं मोजायची आहेत तुम्हाला?" असं ती म्हणाली. धरण नव्हतं, पण मोजायला काहीतरी निघेल याची मला खात्री होती. कारण लेक राहते फ्रीमाँटला, आणि फ्रीमाँटच्या मधोमध हेवर्ड नावाची भ्रंशरेषा जाते, म्हणजे जिच्या दोन्ही बाजूंची जमीन एकमेकींना घासत सरकते अशी फट.

आमचं गाव पाटण तालुक्यातलं. 11 डिसेंबर 1967च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. आईनं मला गोधडीसकट उचलून अंगणात टाकलं, एवढं आठवतं. पाठोपाठ पडवीची भिंत बसली. पुढचे कित्येक महिने आम्ही मांडवाखाली झोपलो. थंडीचे दिवस, आणि घर समोर उभं असूनही आत जायचं नाही! मोठेपणी पाटबंधारे खात्यात लागलो त्याला हीच पहाट कारण असावी. म्हणून जमिनीतल्या फटीबद्दल कुणी बोलायला लागलं की माझे कान टवकारतात.

जेट लॅगमुळे पहाटे तीनलाच जाग आली. सात वाजता नातवाला शाळेत सोडल्यावर लेकीनं मला फ्रीमाँटच्या बार्ट स्टेशनजवळ नेलं. बार्ट म्हणजे इथली लोकल. स्टेशनाशेजारी टायसन लगून नावाचं तळं आहे. पाणकणसं, दोन-चार बदकं, मागे गाड्यांचा आवाज. बघायला विशेष काही नाही. पण भूवैज्ञानिकांनी या तळ्याकाठी चर खणून गाळाचे थर वाचले आहेत. प्रत्येक मोठ्या भूकंपात तळ्याचा तळ खचतो, त्यावर नवा गाळ बसतो, आणि पुस्तकाच्या पानांसारखे थर साचत जातात. त्या थरांवरून सुमारे 1900 वर्षांतले बारा मोठे भूकंप सापडले. त्यातल्या शेवटच्या पाचांमधलं सरासरी अंतर आलं 140 वर्षं. शेवटचा झाला 21 ऑक्टोबर 1868 रोजी.

बेरीज करा. मी केली, आणि लेकीकडे बघितलं. ती म्हणाली, "बाबा, इथे सगळ्यांना माहीत आहे. घराला बोल्ट मारून घेतलेत. पलंगाखाली बूट ठेवतो आम्ही." अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यानं 2014 ते 2043 या काळात या रेषेवर 6.7 किंवा त्याहून मोठा भूकंप होण्याची शक्यता 33 टक्के वर्तवली आहे. तिनं हा आकडा हवामानाच्या अंदाजासारखा सांगितला.

संध्याकाळी जावयांनी मोबाइलवर तिकिटं दाखवली. शनिवारी बर्कलीला विद्यापीठाचा फुटबॉल सामना. लेक तिथलीच विद्यार्थिनी, नातू आठ वर्षांचा असून निळ्या-सोनेरी टोपीशिवाय घराबाहेर पडत नाही. मला त्या खेळात काडीचा रस नव्हता. मग जावई सहज म्हणाले, "स्टेडियम बरोब्बर फॉल्टवर आहे, बाबा. एका गोलपोस्टकडून दुसऱ्याकडे फॉल्ट जातो." मी ताटावरून उठणार होतो, तो परत बसलो.

दिवस दुसरा, गुरुवार : हेवर्ड

फ्रीमाँटच्या उत्तरेला हेवर्ड गाव. रेषेचं नाव यावरूनच पडलं, कारण 1868मध्ये इथे सर्वात जास्त पडझड झाली. एकूण तीसेक माणसं गेली. 1906चा सॅन फ्रान्सिस्कोचा महाभूकंप व्हायच्या आधी 'मोठा भूकंप' म्हणजे 1868चाच, असा इकडचा बोलण्याचा प्रघात होता.

जुनं नगरभवन पाहिलं. 1930च्या सुमाराची देखणी इमारत, नेमकी रेषेवर बांधलेली. ती कोसळली नाही, नुसती रोज थोडी थोडी ओढली गेली. हेवर्ड रेषेचा हा स्वभाव आहे. मोठा झटका देते तो देतेच, पण मधल्या काळातही स्वस्थ बसत नाही. वर्षाला सुमारे 5 मिलिमीटर सरकत राहते. नखं वाढतात त्याहूनही हळू. भिंतींना तडे जाऊन जाऊन शेवटी 1969मध्ये कचेऱ्या बाहेर काढल्या. आता इमारत रिकामी आहे.

इथली दुसरी जागा म्हणजे रोझ स्ट्रीट आणि प्रॉस्पेक्ट स्ट्रीट यांचा कोपरा. इथला फुटपाथचा कठडा, म्हणजे रस्त्यालगतची काँक्रीटची कड, रेषेवर होता. तो वर्षानुवर्षं वाकडा होत गेला, आणि भूवैज्ञानिक 1970च्या दशकापासून येऊन त्याचे फोटो काढत राहिले. 2016मध्ये नगरपालिकेनं चाकाच्या खुर्चीसाठी उतार करायला तो उखडला आणि सरळ नवा बसवला. काम चांगलंच, पण जगभरचे भूवैज्ञानिक हळहळले. मी जाऊन सरळ कठडा बघून आलो. हिला वाटलं, उन्हानं माझं डोकं फिरलंय.

दिवस तिसरा, शुक्रवार : बर्कली, भिंतीबाहेरून

फ्रीमाँटहून बार्टनं पाऊण तासात डाउनटाउन बर्कली. विद्यापीठ चढावर आहे. पश्चिमेला खाडी, पूर्वेला डोंगर, आणि मधल्या उतारावर इमारती पसरलेल्या. घंटेचा मनोरा, सेदर टॉवर, लांबूनच दिसतो. 307 फूट उंच. तो बांधणारा वास्तुविशारद जॉन गॅलेन हॉवर्ड. या विद्यापीठाचा निम्मा चेहरा याच माणसाचा आहे, आणि स्टेडियमही त्याचंच. म्हणजे कागदावर त्याचं. मनातून त्याला ते तिथे नको होतं.

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या विद्यापीठांना मोठाल्या स्टेडियमांचं वेड लागलं होतं. बर्कलीचा संघ तेव्हा भलताच जोरात. प्रशिक्षक अँडी स्मिथ यांच्या हाताखाली 1920 ते 1924 अशी पाच वर्षं संघ एकही सामना हरला नाही. 'वंडर टीम्स' म्हणून ते संघ आजही ओळखले जातात. जुनं मैदान पुरेना. वर्गणीची हाक दिल्यावर लोकांनी दहा लाख डॉलरच्या वर पैसे जमवून दिले, बदल्यात बसायची जागा मिळणार होती. आणि स्टेडियमला कारणही मोठं जोडलं, महायुद्धात कामी आलेल्या कॅलिफोर्नियाच्या जवानांचं स्मारक. म्हणून कॅलिफोर्निया मेमोरियल स्टेडियम.

जागेवरून मात्र तंटा झाला. हॉवर्डचा कल गावाच्या बाजूच्या सपाट जागेकडे होता. पण तिथली खासगी जमीन विकत घ्यायची म्हणजे पैसा आणि वेळ. डोंगराच्या कुशीत स्ट्रॉबेरी कॅन्यन ही घळ विद्यापीठाचीच होती. झाडी, ओढा, पक्षी. निसर्गप्रेमींनी आणि शेजाऱ्यांनी विरोध केला. काही उपयोग झाला नाही. फुकटची जमीन आणि घाईतली समिती एकत्र आली की काय होतं ते मी माझ्या नोकरीत पुष्कळ पाहिलं आहे.

रेषा तिथे आहे हे माहीत नव्हतं, असं म्हणायला जागा नाही. अँड्र्यू लॉसन हे बर्कलीतलेच भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक. 1906च्या भूकंपानंतर नेमलेल्या आयोगाचे ते प्रमुख. त्या आयोगाचा 1908चा अहवाल हा भूकंपशास्त्रातला आधारग्रंथ मानला जातो, आणि हेवर्ड रेषा त्यात आहे. म्हणजे ज्यानं जगाला सांगितलं तो माणूस त्याच आवारात रोज वर्ग घेत होता. पण 1920 साली 'रेषा म्हणजे ओढ्यासारखी असते, त्यावर काही बांधू नये' हे अजून कुणाच्या नियमात नव्हतं. कोयना बांधली तेव्हाही आमच्याकडे दख्खनचं पठार म्हणजे भूकंपापासून सुरक्षित, असंच धरून चालत होते. आमच्याकडे माहीत नव्हतं. यांच्याकडे माहिती होती, पण तिचं वजन कुणाला कळलं नव्हतं. मला दुसऱ्याचंच जास्त वाईट वाटतं.

घळीत स्टेडियम बसवायला डोंगर खोदावा लागला. तो कसा, तर पाण्यानं. सोन्याच्या काळातल्या खाणवाल्यांनी मोठ्या नळातून जोरदार फवारे मारून टेकड्या विरघळवल्या होत्या. त्या गाळानं खालची शेती बुडायला लागली, म्हणून 1884मध्ये न्यायालयानं ती रीत जवळपास बंद पाडली. तेच तंत्र इथे वापरलं. फवाऱ्यानं माती सोडवली आणि तीच खाली आणून भराव केला. ओढा मोरीत घातला, मोरी स्टेडियमखालून नेली. आधीच्या आराखड्यात रोमच्या कोलोझियमसारखा सगळीकडून उभा वाडगा होता. प्रत्यक्षात पूर्वेचा निम्मा वाडगा डोंगराच्या मातीवर टेकला आणि पश्चिमेचा निम्मा खांबांवर उभा राहिला. कोलोझियमच्या कमानी पश्चिमेच्या भिंतीवर तेवढ्या राहिल्या. काम एक वर्षाच्या आत पुरं झालं. 24 नोव्हेंबर 1923 रोजी स्टॅनफर्डविरुद्ध पहिला मोठा सामना. बर्कली 9, स्टॅनफर्ड 0. तेव्हा सुमारे 73 हजार माणसं बसायची.

पीडमाँट अव्हेन्यूवर उभं राहून मी ती भिंत बघत होतो. करडा काँक्रीट, उंच कमानी, पुढे पायऱ्या. लेक म्हणाली, "इथे एक ओकची राई होती." ती राई म्हणजे मोठी गोष्ट झाली. 2006मध्ये विद्यापीठानं भिंतीलगत खेळाडूंचं प्रशिक्षण केंद्र बांधायचं ठरवलं, झाडं तोडावी लागणार होती. 2 डिसेंबर 2006ला आंदोलक झाडांवर चढले ते 9 सप्टेंबर 2008पर्यंत उतरले नाहीत. एकवीस महिने! वर मचाण, दोरखंड, खाली पोलिसांचं कुंपण. शहर, शेजारी आणि वृक्षप्रेमी कोर्टातही गेले. कोर्टातला मुद्दा झाडांचा कमी आणि रेषेचा जास्त होता. कॅलिफोर्नियात 1972चा कायदा आहे. रेषेच्या डोक्यावर माणसं वावरतील अशी नवी इमारत बांधता येत नाही, आणि असलेल्या इमारतीत तिच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त खर्चाची भर घालता येत नाही. मग प्रश्न असे की नवं केंद्र ही वेगळी इमारत की स्टेडियमची भर? आणि शंभरीकडे झुकलेल्या स्टेडियमची किंमत धरायची कशी? सरकारी मोजमाप पुस्तक भरण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हा वाद कीर्तनासारखा गोड वाटतो. शेवटी विद्यापीठाच्या बाजूनं निकाल गेला, झाडं पडली, केंद्र झालं.

दक्षिणेच्या टोकाला वळसा घातला. मला तेच बघायचं होतं. रेषा इथून आत शिरते आणि उत्तरेच्या टोकानं बाहेर पडते. भिंतीतला सांधा जमिनीपासून वर जातो. जुने फोटो मी रात्री बघून ठेवले होते. त्यात हा सांधा वर उघडलेला आणि दोन्हीकडचे खांब एकमेकांशी फटकून उभे दिसतात. 1923पासून दोन अर्धुकं एक फुटाहून जास्त सरकली आहेत. खालची मोरी तर आधीच बोलली होती. तिला गेलेले तडे रेषेच्या सरकण्यानंच गेले, हे दाखवणारा शोधनिबंध 1966मध्ये छापून आला. त्यानंतरही पंचेचाळीस वर्षं लोक वर बसून सामने बघत होते.

मी टेप काढली. लेकीनं इकडेतिकडे बघितलं. "बाबा, लोक बघतायत." बघू देत.

आता दुरुस्तीबद्दल. हे लिहायलाच मी बसलो आहे. 2010चा हंगाम संपल्यावर स्टेडियम बंद केलं. 2011चा सगळा हंगाम संघ सॅन फ्रान्सिस्कोच्या बेसबॉल मैदानावर खेळला. 1 सप्टेंबर 2012 रोजी दारं पुन्हा उघडली. खर्च 32 कोटी 10 लाख डॉलर. पश्चिमेची ऐतिहासिक भिंत टेकू देऊन तशीच उभी ठेवली आणि तिच्या मागचं सगळं पाडून नव्यानं बांधलं. पूर्वेच्या बाजूला फारसा हात लावला नाही, ती मातीवर बसलेली आहे, तिला पडायला जागाच नाही.

रेषा जिथे वाडग्याला कापते त्या दोन ठिकाणी मात्र त्यांनी जे केलं त्याला मी टोपी काढतो. तिथले भाग बाकीच्या स्टेडियमपासून कापून सुटे केले. प्रत्येक सुट्या भागाखाली जाड काँक्रीटची पाटी, तिच्याखाली प्लास्टिकचे थर आणि वाळू. जमीन फाटली तर हे ठोकळे वर घसरतील, वळतील, पण तुटायचे नाहीत, आणि शेजारच्यालाही तोडायचे नाहीत. हिशेब धरला आहे आडवी सहा फूट आणि उभी दोन फूट हालचाल. एका झटक्यात सहा फूट! वर पत्रकारांची गॅलरी, 375 फूट लांब, ती वाडग्यापासून वेगळी उभी केली आहे, आणि हादरा गिळायला मोटारीच्या शॉकअॅब्सॉर्बरच्या जातीचे दट्टे बसवले आहेत.

आम्ही कोयनेत उलटं केलं. 103 मीटर उंचीच्या त्या धरणाला उतार जिथे एकदम बदलतो तिथे आडवे तडे गेले होते. धरण टिकलं. मग तडे भरले, पोलादी तारांनी धरण खालपर्यंत ओढून बांधलं, पुढे मागून काँक्रीटचे टेकू दिले. म्हणजे त्याला आणखी जड केलं, जमिनीला आणखी घट्ट धरायला लावलं. धरणाला दुसरा इलाजच नाही, पाठीवर सगळं पाणी असतं, त्याला सुटं करून कसं चालेल? पण पस्तीस वर्षं 'घट्ट धर' हेच शिकलेल्या माणसाला 'सोडून दे' हा इलाज समोर उभा दिसल्यावर काय वाटतं, ते त्या भिंतीपाशी मला कुणाला सांगता आलं नाही. लेकीला म्हणालो, "भारी काम आहे." ती म्हणाली, "चला आता, आई कॉफी प्यायला थांबलीये."

शेजारच्या इंटरनॅशनल हाउसमध्ये ही खिडकीपाशी बसली होती. 1930पासून परदेशी विद्यार्थ्यांचं हे घर. तिनं विचारलं, "सापडली का फट?" मी टेपवरचा आकडा सांगितला. ती म्हणाली, "आणि उद्या आपण त्याच्यावर बसायचं?"

दिवस चौथा, शनिवार : सामना

हिनं पहाटे उठून पोळ्यांचे रोल केले होते. दारावर कळलं की पिशवी आरपार दिसणारी हवी, नाहीतर आत नेता येत नाही. हा नियम तिकिटावर लिहिलेला होता, आम्हीच वाचला नव्हता. जावई अर्धा मैल चढ चालून गाडीत पिशवी ठेवून आले. परत येताना एक रोल खिशात घालून आणला. त्याबद्दल मी त्यांना मनात दहा मार्क दिले.

2012च्या दुरुस्तीनंतर बसायची क्षमता सुमारे 63 हजार झाली. आमच्या जागा पूर्वेच्या बाजूला, मातीवर. मुद्दाम मागितल्या होत्या असं नाही, स्वस्त होत्या. दुपारचं ऊन थेट तोंडावर येतं, पण समोर भिंतीच्या वरून खाडी दिसते आणि हवा स्वच्छ असेल तर पलीकडचं सॅन फ्रान्सिस्कोही. सामना कंटाळवाणा झाला तरी पैसे वसूल.

खेळ मला कळला नाही. फुटबॉल म्हणतात, पण पायाचा संबंध अगदी कमी. नातू शेजारी बसून समजावत होता, "आजोबा, फोर चान्सेस असतात, टेन यार्ड्स जायला. नाही गेले की बॉल त्यांना." म्हणजे कबड्डीत एकेक माणूस पाठवण्याऐवजी सगळे एकदम चढाई करतात आणि दर दहा सेकंदांनी पंच शिट्टी मारून सगळ्यांना परत रांगेत उभं करतो. एवढ्यावर मी भागवलं. पाहुणा संघ देशाच्या दुसऱ्या टोकाकडचा होता, कारण 2024पासून बर्कली अटलांटिक किनाऱ्याच्या गटात खेळते. पॅसिफिकच्या काठावरचं विद्यापीठ अटलांटिकच्या गटात. टीव्हीच्या पैशानं भूगोल असा सरकतो की त्यापुढे हेवर्ड रेषा गरीब बिचारी.

बर्कलीनं पहिला टचडाउन केला, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला, आणि मागच्या डोंगरावर धाडकन तोफ उडाली. हिनं माझा दंड धरला. मीही क्षणभर जमिनीकडे बघितलं, खोटं कशाला सांगू. नातू हसून लोटपोट. ही तोफ 1963पासून आहे, आणि 1971पासून ती स्टेडियमच्या वरच्या टेकडीवर असते. बर्कलीनं गुण मिळवले की दर वेळी एक बार, जिंकल्यावर आणखी एक. 1991मध्ये एका सामन्यात बर्कलीनं बारा टचडाउन केले तेव्हा दारू संपली होती. तेवढं एकदाच.

मध्यंतरात जावयांनी ती 1982ची गोष्ट सांगितली. इथे आलेल्या प्रत्येकाला ती ऐकावीच लागते, जशी आमच्या पिढीला 1983च्या विश्वचषकातली कपिलची 175 धावांची खेळी. 20 नोव्हेंबर 1982, याच मैदानावर स्टॅनफर्डविरुद्ध. चार सेकंद उरलेले, स्टॅनफर्ड 20-19नं पुढे. त्यांनी चेंडू लाथाडला. बर्कलीच्या खेळाडूंनी तो घेतला आणि पकडले जाण्याआधी मागे फेकत राहिले. एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला, असे पाच वेळा. स्टॅनफर्डच्या वाद्यवृंदाला वाटलं सामना संपला, तो वाजवत मैदानात उतरला. केव्हिन मोएन चेंडू घेऊन त्या वाजंत्र्यांमधून धावत गेला आणि शेवटच्या रेषेपलीकडे ट्रॉम्बोन वाजवणाऱ्यावर जाऊन आदळला. 25-20. गंमत पुढे आहे. या दोन विद्यापीठांमध्ये विजेत्याला एक कुऱ्हाड मिळते, तिच्या पाटीवर सगळे निकाल कोरलेले. कुऱ्हाड स्टॅनफर्डकडे गेली की ते 1982चा निकाल बदलून 20-19 करतात. बर्कलीकडे परत आली की पुन्हा 25-20. चाळीस वर्षं हे चालू आहे.

मैदानाच्या कडेला अँडी स्मिथ यांचं स्मारक म्हणून एक बाक आहे. स्टेडियम झाल्यावर त्यांना फार दिवस मिळाले नाहीत. 1926च्या जानेवारीत न्यूमोनियानं गेले. त्यांची रक्षा या मैदानावर टाकली.

इथे खेळापेक्षा मोठी गर्दी एका भाषणाला झाली होती. 23 मार्च 1962 रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी बोलायला आले तेव्हा सुमारे 88 हजार माणसं होती, मैदानातही खुर्च्या मांडल्या होत्या. मी मान वळवून समोरच्या पश्चिम बाजूकडे बघत होतो. ते सगळे तेव्हा जुन्या खांबांवर बसले होते.

दुरुस्तीचा हिशेब मात्र अजून मिटलेला नाही. पैसे उभे करायला मोक्याच्या जागा कित्येक वर्षांसाठी विकायची योजना होती, ती अपेक्षेइतकी चालली नाही. कर्जाचे हप्ते पुढच्या शतकात जाणार आहेत. 2021मध्ये मैदानाचं नाव एका आभासी चलनाच्या कंपनीला, एफटीएक्सला, दहा वर्षांसाठी 1 कोटी 75 लाख डॉलरना दिलं. वर्ष-सव्वा वर्षात कंपनीचं दिवाळं वाजलं आणि नाव पुसावं लागलं. भूकंपासाठी सहा फुटांची सोय केली होती, याच्यासाठी केली नव्हती.

सामना कोण जिंकलं ते नातवाला विचारा. शेवटची तोफ उडाली तेव्हा मी दक्षिणेच्या टोकाकडचा तो सुटा ठोकळा शोधत होतो. त्याच्यावरही माणसं बसली होती, उड्या मारत होती. त्यांना काही वेगळं दिसत नव्हतं, आणि दिसू नये हेच त्या कामाचं यश.

दिवस पाचवा, रविवार : चिक्कूंची टेकडी

परतीच्या आधी पुन्हा एकदा बर्कली. लेक म्हणाली, वरून बघा. स्टेडियमच्या पूर्वेच्या चढाला 'टाइटवॉड हिल' म्हणतात, म्हणजे चिक्कूंची टेकडी. तिकीट न काढता सामना बघायची जागा. पायवाट धुळीची आणि सरळ चढाची, निलगिरीच्या सालींचा खच पडलेला. ही अर्ध्यात बसली. मी आणि नातू वर गेलो.

वरून वाडगा पुरा दिसतो. रिकामा. मी नातवाला बोटानं रेषा दाखवली. तिथून आत, मैदानाच्या लांबीनं, तिथून बाहेर, पुढे बोल्स हॉल वसतिगृहाकडे. त्यानं विचारलं, "पण मग त्यांनी स्टेडियम शिफ्ट का नाही केलं?"

मला आमचं गाव आठवलं. भूकंपानंतर सरकारनं पत्र्याच्या चाळी दिल्या होत्या. माझे आजोबा दोन महिने राहिले आणि एके दिवशी कुदळ घेऊन जुन्या जोत्यावर गेले. तिथेच घर बांधलं. या वेळी भिंती बुटक्या, दगडाऐवजी कुडाच्या, वर कौलाऐवजी पत्रा. पडलं तर अंगावर हलकं पडावं, एवढाच विचार. ते शाळेत गेले नव्हते. नातवाला म्हणालो, "सामने इथेच होतात म्हणून." त्याला ते पटलं.

उतरून आम्ही पुन्हा दक्षिणेच्या सांध्यापाशी गेलो. पाकिटात दहा रुपयांचं एक नाणं होतं. भूवैज्ञानिक फोटोत मापासाठी नाणं ठेवतात तसं ते सांध्याच्या कडेला धरून फोटो काढला. नाण्याचा व्यास 27 मिलिमीटर. वर्षाला 5 धरले तर साडेपाच वर्षांत एक नाणं. नातवानं बोटांवर मोजलं आणि म्हणाला, "मी कॉलेजला येईन तेव्हा दोन कॉइन्स." मी म्हणालो, सगळी सरक याच एका फटीत उतरेल असं नाही, जमीन ती वाटून घेते. त्यानं ते ऐकलं नाही. नाणं मागून घेतलं, टोपीच्या पट्टीत खोचलं, आणि स्टेशनापर्यंतच्या उतारावर ते पडलं नाही ना हे दर दहा पावलांवर चाचपत राहिला.